तुम्ही विचारलंत म्हणून : ‘बेल्लिस्सिमो’ कुठे तोडायचा?

मूळ इटालियन विशेषण ‘बेल्लो’, म्हणजे सुंदर, त्याला ‘अतिशय’ या अर्थाचा ‘इस्सिमो’ हा प्रत्यय लागला; मग ओळीच्या शेवटी हा शब्द ‘बेल्ल-इस्सिमो’ असा का तोडत नाहीत, हे इटालियन शिकणारे मला सतत विचारतात. ‘नियमच तसा आहे’ एवढ्यावर त्यांची बोळवण करणे मला पटत नाही.

शब्दाची घडण वेगळी आणि त्याचे उच्चारातले तुकडे वेगळे. घडण पाहिली तर ‘बेल्ल’, ‘इस्सिम’ आणि लिंगवचन दाखवणारा ‘ओ’ असे भाग पडतात. उच्चारताना मात्र द्वित्तातला पहिला ‘ल्’ मागच्या स्वराला चिकटतो, दुसरा पुढच्याला, आणि ‘बेल्-लिस्-सि-मो’ असे तुकडे होतात. जोडाक्षराचा आघात झाला की आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचे, हे वृत्ते शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

माझ्या अभ्यासपुस्तिकेच्या संपादकांनी मला न विचारता सगळ्या संयोगरेषा हलवल्या. विद्यार्थ्याला मूळ शब्द अखंड दिसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘आन्तिको’ म्हणजे प्राचीन. त्याचे ‘आन्तिकिस्सिमो’ होताना ‘आय’च्या आधीचा ‘सी’ ‘च’सारखा वाचला जाऊ नये, एवढ्यासाठी मध्ये ‘एच’ लिहितात. त्या ‘एच’ला स्वतःचा ध्वनी नाही. ओळ नेमकी त्या दोन अक्षरांमध्ये तोडली गेली. वर्गातली एक अतिशय तयारीची विद्यार्थिनी ‘आन्तिक’पाशी थांबली, पुढच्या ओळीवर गेली आणि ‘हिस्सिमो’ असे वाचून गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. तिने छापलेले तेच वाचले होते. हाच शब्द तिने नुसता ऐकला असता, तर बिनचूक म्हटला असता. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तरीही ‘कान सांगेल तिथे तोडा’ हे माझे तेव्हाचे उत्तर आज मलाच अपुरे वाटते. ‘जुस्तो’ म्हणजे न्याय्य. त्याचे तुकडे ‘जु-स्तिस्-सि-मो’ असे करावे लागतात, कारण ‘स’पुढे दुसरे वेगळे व्यंजन आले की तो पुढच्या तुकड्यात लिहायचा असा नियम आहे. पण आघाताचा, म्हणजे जोर देऊन उच्चारलेला, स्वर तुकड्याच्या शेवटी असला तरच लांबतो; ‘पाने’ (म्हणजे पाव) या शब्दातला ‘आ’ लांबतो आणि ‘पास्ता’तला लांबत नाही, म्हणून हा ‘स’ मागचाच तुकडा बंद करतो असे अनेक ध्वनिअभ्यासक मानतात, आणि माझा कानही तेच सांगतो. इथे मी कानाविरुद्ध लेखनाचा नियम पाळत असेन, तर तिथे शब्दाच्या मुळाला मान का देत नाही, असे ते संपादक विचारू शकतात. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ‘सी’ आणि ‘एच’ मात्र मी वेगळे होऊ देणार नाही.