मजले मोजण्याची खोड

उंच इमारत दिसली की तिचे मजले मोजल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. परवा दुपारी एका कचेरीतले साहेब जेवायला गेल्यामुळे तासभर मोकळा मिळाला, म्हणून नरिमन पॉइंटच्या कठड्यावर बसून एअर इंडियाच्या इमारतीचे मजले मोजू लागलो. ते २३ आहेत हे ठाऊक असूनही चौदाव्यापाशी नजर घसरते आणि पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते.

ही खोड वडिलांनी लावली. रविवारी संध्याकाळी चर्चगेटला उतरून आम्ही चालत येथवर येत असू. शेंगदाण्यांची पुडी संपे, पण मजले संपत नसत. अगदी वर अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असा तांबडा धनुर्धारी दिसे. विमाने सांताक्रूझला उतरत असताना त्यांच्या कंपनीचे घर लोकलच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे का, असे मी विचारी, तेव्हा वडील म्हणत, ‘विमाने तिकडे, हिशेब इकडे.’ मुख्यालय या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला पुढे कोठे सापडली नाही.

समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीवर ही इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्जी यांचा. नरिमन पॉइंटचा पत्ता कागदावर छापला की कंपनीची पत आपोआप वाढावी, असे ते दिवस होते. पुढे बड्या कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्या आणि एअर इंडियानेही २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवले. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परतली, पण इमारत त्या सौद्यात नव्हती. राज्य सरकारने ती १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचे ठरवले. मंत्रालय हाकेच्या अंतरावर आहे. जेथे महाराजा कमरेत वाकून स्वागत करी, तेथे आता आवक-जावकाचे टेबल येईल. वाकणे तेथेही असेल, फक्त बाजू बदलेल.

१२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी याच इमारतीच्या तळाशी बाँब फुटला आणि माणसे मेली. त्यानंतरही वडील मला येथे आणीत, पण मजले वरून खाली मोजायला सांगत आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याशी आलो की ‘चल, गाडी चुकेल’ म्हणून उठत. परवा मीही तेथवरच मोजले.