गोल्डविंग जीएल ११००: चार कार्ब्युरेटरच्या जागी एक, ऑक्टोबर ते मे

माझी १९८१ सालची होंडा गोल्डविंग जीएल ११०० इंटरस्टेट मी ऑक्टोबरमध्ये मधल्या स्टँडवर चढवली, तेव्हा तिचे चारही केहिन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग) तीन वर्षांत दुसऱ्यांदा खोलण्याची वेळ आली होती. ही गाडी ओहायोमधील मेरीसव्हिलच्या कारखान्यात जोडली गेली. मी राहतो त्या कोलंबसपासून तो कारखाना जेमतेम ५० किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मला गावच्या माणसाबद्दल वाटावी तशी आपुलकी आहे. चार कार्ब्युरेटरची ती मूळ जुळणी वाईट आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. नीट स्वच्छ केलेले आणि व्हॅक्युम गेज लावून एकसारखे केलेले ते चार कार्ब्युरेटर जितके मऊ चालतात, तितके दुसरे काही चालत नाही. अडचण माझ्या वापराची आहे. थंडीचे चार महिने गाडी उभी राहते, इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते, आणि दर वसंतात बारीक जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) बुजलेले व कार्ब्युरेटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या नळ्यांच्या ओ-रिंग (रबरी कड्या) कडक होऊन पाझरू लागलेल्या सापडतात. एक ओ-रिंग बदलण्यासाठी चौघांची अख्खी जुळणी खाली काढावी लागते.

म्हणून चौघांच्या जागी वेबर कंपनीचा एकच कार्ब्युरेटर बसवायचा ठरवला. मात्र गाडीचा एकही मूळ भाग कापायचा नाही, ही अट सुरुवातीलाच घालून घेतली. जुनी जुळणी स्वच्छ करून, तेल लावून, डब्यात बंद करून ठेवली आहे आणि मनात आले तर एका दिवसात ती परत चढवता येईल.

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा कार्ब्युरेटरला हात न लावता गेला. चारही सिलिंडरांचे (दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे समोरासमोर) कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले. ते ११ ते ११.६ बारच्या दरम्यान आले. व्हॉल्व्हची फट जुळवली आणि दोन्ही टायमिंग बेल्ट नवे घातले. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, त्यामुळे बेल्ट कधी बदलले याची नोंद हाती नसेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून हे काम आधी करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कॉम्प्रेशनमध्ये तफावत असलेल्या इंजिनावर नवा कार्ब्युरेटर बसवला, तर पुढे दिसणारा प्रत्येक दोष आपण त्या कार्ब्युरेटरच्या माथी मारत बसतो.

कोणता कार्ब्युरेटर घ्यावा यावर मी बराच खल केला. आपल्याकडची पद्मिनी मोटार १०८९ सीसीची होती आणि एकाच डाउनड्राफ्ट कार्ब्युरेटरवर आयुष्यभर चालली. हे इंजिन १०८५ सीसीचे आहे. पण पद्मिनीची ताकद याच्या साधारण निम्मी, आणि तिला इतक्या फेऱ्यांवर कधी धावावेच लागले नाही. कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर हे इंजिन सुमारे ३.८ घनमीटर हवा ओढते. ती सगळी २६ मिलिमीटरच्या एकाच व्हेंच्युरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून) न्यायची, तर तिथे हवेचा सरासरी वेग सेकंदाला ११९ मीटरच्या घरात जातो, आणि एवढ्या वेगाला वरच्या फेऱ्यांवर इंजिनाचा श्वास कोंडतो. फोक्सवॅगन बीटल मोटारीचा सोलेक्स ३४ पीआयसीटी कार्ब्युरेटर याच कारणाने मनातून उतरला. शांतपणे ८०-९० च्या वेगाने फिरणाऱ्याला मात्र तो पुरेल. वेबर ३२/३६ डीजीव्हीमध्ये दोन बॅरल (हवेचे मार्ग) असतात, २६ आणि २७ मिलिमीटर व्हेंच्युरीचे. थ्रॉटल बराच उघडल्यावरच दुसरा बॅरल उघडू लागतो, आणि दोन्ही पूर्ण उघडल्यावर तोच वेग ५७ मीटरवर येतो. म्हणजे रोजच्या चालीत एका लहान कार्ब्युरेटरची काटकसर आणि ओव्हरटेक करताना दुसऱ्याची साथ. विजेवर चालणारा चोक मी मुद्दाम घेतला नाही. या गाडीच्या अल्टरनेटरची क्षमता बेताची आहे आणि त्यातला स्टेटर (तारांचे वेटोळे) जळाला तर तो बदलायला अख्खे इंजिन उतरवावे लागते. मूळ चोकची केबल हाती होतीच, तीच वेबरच्या चोकला जोडली.

कार्ब्युरेटर कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचा, हा प्रश्न चारचाकीवाल्यांच्या सल्ल्याने सुटत नाही. कारमध्ये वळणावर पेट्रोल बाहेरच्या बाजूला ढकलले जाते, म्हणून तिथे फ्लोटचा बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा कप, पुढे ठेवण्याचा प्रघात आहे. मोटरसायकल वळणात स्वतःच कलते. तिच्यावर बसलेल्याला आणि तिच्या बाउलमधल्या पेट्रोललाही ओढ सरळ खालीच, म्हणजे चाकांच्या दिशेने, जाणवते. त्यामुळे बाउल बाजूला ठेवला तरी वळणावर पेट्रोलची पातळी ढळत नाही, आणि ब्रेक मारताना किंवा वेग घेताना पेट्रोल जेटवर चढत वा जेटपासून दूर सरत नाही. प्रश्न उरतो तो साइड स्टँडचा. गाडी डावीकडे कलून उभी राहते; बाउल उजवीकडे असेल तर तो वरच्या अंगाला येतो आणि पेट्रोल नॉझलमधून आत झिरपू शकते. म्हणून बाउल डावीकडे ठेवला.

डिसेंबर आणि जानेवारी मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधले मिश्रण चारही सिलिंडरांत वाटणाऱ्या भागावर, गेले. माझे ठाम मत असे झाले आहे की या कामाला कार्ब्युरेटर बदलणे म्हणणेच चूक आहे. हे मॅनिफोल्ड बनवण्याचे काम आहे आणि कार्ब्युरेटर त्यावर शेवटी बसतो एवढेच. सिलिंडर हेडकडे जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चार मूळ नळ्या आणि त्यांची रबरी जोडणी तशीच ठेवली. त्यांच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक चौकोनी डबा केला, त्याला चार तोट्या काढल्या आणि वर वेबरची बैठक केली. तोट्यांची जागा नेमकी यावी म्हणून इंजिनावरून माप घेऊन प्लायवूडचा साचा केला होता. तरीही टिग वेल्डिंगच्या उष्णतेने डबा ओढला गेला आणि मागच्या दोन तोट्या जवळजवळ २ मिलिमीटर आत आल्या. रबर ताणून त्या बसल्या असत्या, पण ताणलेले रबर तापून चिरते आणि तिथून हवा ओढली जाते. मी त्या तोट्या कापून काढल्या आणि डबा साच्याला घट्ट आवळून ठेवून, थोडे थोडे टाके घालत पुन्हा वेल्ड केल्या.

मग सगळी तोंडे बंद करून डब्यात ०.३ बार हवा भरली आणि तो पाण्याच्या टबात बुडवला. तीन कोपरे शांत होते. चौथ्या कोपऱ्यातून टाचणीच्या डोक्याएवढा एकच बुडबुडा सुटे, थांबे, पुन्हा सुटे. तेवढ्या छिद्रातून आत जाणारी हवा एका सिलिंडरचे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) करायला पुरेशी असते, आणि गाडीवर ते छिद्र शोधायला आठवडा गेला असता. टबात ते दहा मिनिटांत सापडले.

फेब्रुवारीअखेर इंजिन पहिल्यांदा चालू झाले. थ्रॉटलसाठी मूळ दोन केबलींपैकी ओढणारी ठेवली आणि वेबरच्या स्प्रिंगशिवाय आणखी एक स्वतंत्र स्प्रिंग लावली. एक तुटली तरी थ्रॉटल मिटलाच पाहिजे, याबाबत तडजोड करू नये. कॅमशाफ्टवरून चालणारा मूळ पेट्रोल पंप कायम आहे. व्हॅक्युम ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची) नळी वेबरवरच्या तोटीला जोडली.

मार्चमधल्या एका सकाळी, हवेत ४ अंश सेल्सिअस तापमान असताना, पहिली लांब फेरी काढली. पंधरा किलोमीटरपर्यंत गाडी सुरेख पळाली. मग मिस मारू लागली, थ्रॉटल दिला की मागे ओढल्यासारखी होऊ लागली आणि शेवटी आयडलवर बंद पडली. खाली उतरून नकली टाकीचे झाकण उघडले (या गाडीची खरी पेट्रोल टाकी सीटखाली असते). वेबरच्या खाली, डब्याच्या वरच्या कडेला, पांढऱ्या भुकटीसारखे हिम जमले होते. हातमोजा काढून बोट लावले तर ते चिकटले. दोन-तीन वितींवर इंजिन चटका बसण्याइतके तापलेले आणि त्याच्या डोक्यावर हा बर्फ. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. मूळ जुळणीत कार्ब्युरेटर सिलिंडरागणिक वेगळा होता, इथे चौघांचे पेट्रोल एकाच जागी उडत होते आणि डब्याला ऊब मिळण्याची सोयच नव्हती. बीटलच्या कार्ब्युरेटरखालून एक्झॉस्टची गरम नळी नेलेली असते, ती याचसाठी. हे वाचून माहीत असूनही, इंजिनाची धग पुरेल या समजुतीवर मी विसंबलो होतो.

कोल्हापुरात माझे मामा पस्तीस वर्षे गॅरेज चालवत आहेत. त्या रात्री त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळे दाखवले. जेटबद्दल मी विचारत होतो, तर त्यांनी मध्येच थांबवले. “आरं, कार्ब्युरेटरला कशाला कोचतोस? त्यो बरा हाय. खालचा डबा गार पडलाय, त्यो तापव आधी.”

डब्याच्या तळाला बाहेरून एक चपटा कप्पा वेल्ड केला आणि त्यातून इंजिनाचे गरम पाणी खेळवले. पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडून घेतले, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतानाही ते फिरते, आणि पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत सोडले. आता सुरू केल्यापासून सहा-सात मिनिटांत डबा कोमट होतो आणि चालीत ४५ ते ५० अंशांवर स्थिरावतो. त्यापेक्षा जास्त तापवू नये. हवा प्रसरण पावते आणि ताकद घटते.

बर्फ गेला तेव्हा त्यामागे लपलेला दुसरा दोष दिसला, आणि एप्रिलचा बहुतेक वेळ त्यानेच घेतला. बाउल डावीकडे ठेवल्यामुळे दोन बॅरल पुढे-मागे आले. डाव्या-उजव्या बाजूला मिश्रण सारखे जाऊ लागले, पण पहिला बॅरल ज्या टोकाला आला त्या टोकाच्या दोन्ही सिलिंडरांचे प्लग काजळलेले आणि दुसऱ्या टोकाचे जवळजवळ पांढरे निघाले, म्हणजे एका टोकाला पेट्रोल जास्त आणि दुसऱ्याला कमी जात होते. त्यात या इंजिनाची फायरिंगची रीतही भर घालते. समोरासमोरच्या सिलिंडरांचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, त्यामुळे एका बाजूची दोन सिलिंडर लागोपाठ श्वास घेतात आणि मग दुसऱ्या बाजूची दोन. पहिल्याने हलवलेली हवा दुसऱ्याला आयती मिळते. प्रत्येक एक्झॉस्टचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले, तर सर्वांत गरम आणि सर्वांत थंड नळीत ७० अंशांचा फरक होता.

उपाय दोन टप्प्यांत झाला. कार्ब्युरेटर आणि डबा यांच्यामध्ये २० मिलिमीटरचा स्पेसर घातला, म्हणजे पेट्रोलचे थेंब तोट्यांकडे वळण्याआधी त्यांना मिसळायला जागा मिळाली. एवढ्याने फरक ४० वर आला. मग पहिल्या बॅरलच्या खाली, तळापासून थोडा वर, ॲल्युमिनियमचा लहान तिरका पत्रा वेल्ड केला. थेंब त्यावर आपटतात आणि डब्याच्या मध्याकडे उडतात. हा पत्रा रिव्हेट किंवा स्क्रूने बसवण्याचा मोह कोणीही धरू नये. मॅनिफोल्डच्या आत सुटलेला स्क्रू थेट व्हॉल्व्हखाली जातो. याच वेळी तोट्यांच्या तोंडाशी ५ मिलिमीटरचा काठही उभा केला, कारण गाडी साइड स्टँडवर उभी केली की तळाशी उरलेले पेट्रोल डावीकडच्या सिलिंडरांत उतरत असे आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना डाव्या नळकांड्यातून काळा धूर निघत असे. तो धूर आता येत नाही.

हे सगळे झाल्यावरच मी जेट बदलायला घेतले. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर बसवला आहे. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल नेमक्या प्रमाणात, त्याखाली पेट्रोल जास्त; आणि जेटचा आकडा जितका मोठा तितके छिद्र मोठे. पहिल्या बॅरलचा मेन जेट १४० होता. ११० किलोमीटरच्या वेगाला, म्हणजे सुमारे ४००० फेऱ्यांना, लॅम्डा ०.८६ दाखवत होता. १३५, १३० असे उतरत १२५ वर ०.९७ मिळाला आणि तिथे थांबलो. आयडल जेट ६० वरून ५० वर आणला. दुसऱ्या बॅरलचा १३५ तसाच ठेवला. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८८ असतो आणि तो मला हवाच आहे, कारण जोरावर असताना पातळ मिश्रण पिस्टनला महागात पडते. एका वेळी एकच जेट बदलायचा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने वीस किलोमीटर जाऊन यायचे, ही शिस्त शेवटपर्यंत पाळली.

चालवताना काय वाटते, ते लिहितो. खालच्या फेऱ्यांवर पिकअप पूर्वीपेक्षा चांगला आहे. वेबरचा ॲक्सिलरेटर पंप लगेच पेट्रोल देतो. २५०० ते ५००० फेऱ्यांमध्ये, जिथे टूरिंगची गाडी खरी जगते, मला मूळ जुळणीची उणीव भासत नाही. ६००० च्या वर मात्र ती निश्चित भासते. चार कार्ब्युरेटरवर जी शेवटची झेप होती, ती आता नाही. पेट्रोलचे म्हणाल तर जुन्या जुळणीवर लिटरला १४.२ किलोमीटर पडत होते, मार्चमध्ये ते ११.५ पर्यंत घसरले आणि मेच्या शेवटच्या दोन टाक्यांवर १५.३ मिळाले.

एक्झॉस्टमधला तापमानाचा फरक आता १८ अंशांवर आहे. उजवीकडच्या मागच्या सिलिंडरचा प्लग अजून इतरांपेक्षा फिका दिसतो. तिथल्या रबराच्या जोडावर आयडलला कार्ब क्लीनर फवारून पाहिले, फेऱ्या बदलल्या नाहीत, म्हणजे हवा तिथून शिरत नाही. पुढच्या रविवारी त्या नळीची हेडजवळची ओ-रिंग काढून पाहणार आहे, आणि तीही धड निघाली तर आतला पत्रा ३ मिलिमीटरने मागे सरकवून पुन्हा मोजणार आहे.