नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड: उशिरा निघालो, त्याची गोष्ट

हरिश्चंद्रगडावर याआधी तीनदा गेलो होतो, दोनदा पाचनईहून आणि एकदा खिरेश्वरहून तोलार खिंडीतून. तिन्ही वेळा कोकणकड्याच्या कडेशी पालथं पडून खालची बेलपाड्याची घरं बघितली आणि मनाशी म्हटलं, एकदा तिथून नळीच्या वाटेने वर यायचं. डिसेंबरात तो योग आला. आम्ही सहाजण, सोबत गावातले वाटाड्या मामा.

कल्याण-नगर रस्त्याने माळशेजच्या दिशेला जाताना मुरबाड, टोकावडे, मोरोशी मागे टाकली की सावर्णे लागतं. तिथून आत बेलपाडा. याचंच दुसरं नाव वाल्हिवरे, त्यामुळे रस्ता विचारताना दोन्ही नावं तोंडात ठेवा. एसटी मुख्य रस्त्यावरच सोडते आणि आतलं अंतर काही किलोमीटरचं आहे. पहाटे वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. स्वतःची गाडी आणा, नाहीतर आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला या. आम्ही आदल्या रात्री आलो खरे, पण पहाटे साडेपाचला निघायचं ठरवून चहा, पोहे, सॅक पुन्हा भरणं यात सव्वासात वाजवले. मामा अंगणात उकिडवे बसून बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "निघायचं का आता, का जेवूनच जाता?"

पहिला तासभर सोपा. कापणी झालेली भातखाचरं, मग रान, मग ओढा. ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो आणि रानात ढोरवाटांचं जाळं आहे. वाट चुकायची ती इथेच, वर नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या घळीत नव्हे. नाळेत शिरल्यावर दोन्ही बाजूंना कातळ असतो, चुकायला जागाच नसते. म्हणून मोबाईलमध्ये ट्रॅक असला तरी वाटाड्या घ्याच. आमच्या डोळ्यांदेखत दुसरा एक गट भलत्याच घळीत शिरून अर्ध्या तासाने परत आला.

मग धोंडे सुरू होतात. फुटबॉलएवढे, माठाएवढे, म्हशीएवढे, खोलीएवढे. वाट अशी नाहीच. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर, मध्ये फट, फटीत पालापाचोळा, त्याखाली काय आहे ते देव जाणे. साध्या चढावर दम लागतो, तो दोन मिनिटं उभं राहिलं की जातो. इथे दम कमी लागतो, मांड्या आणि डोकं जास्त थकतं, कारण प्रत्येक पाऊल ठरवून टाकावं लागतं. घड्याळाचा हिशेबही इथेच कोलमडतो. वर कडा इतका जवळ दिसतो की पोहोचलोच असं वाटतं, आणि तासाभराने तो तेवढाच जवळ असतो.

काही गोष्टी चालताना कळल्या. धोंड्यावर पूर्ण भार टाकण्याआधी पायाने दाबून बघायचं. मोठा धोंडा डुगडुगणार नाही असं समजू नका, आमच्यातला एकजण टेबलाएवढ्या दगडासकट हातभर खाली आला. नशिबाने नडगी खरचटण्यावर निभावलं. एकाच रेषेत एकाखाली एक चालू नका. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला तर "दगड!" असं ओरडायला लाजू नका. हेल्मेट हवंच. ट्रेकिंगची काठी नाळेत निव्वळ अडगळ होते, ती सॅकला बांधा. दोन्ही हात मोकळे हवेत, आणि सॅकच्या बाहेर मॅट, बाटल्या, डबे लोंबकळत असतील तर ते अडकून तुम्हाला मागे खेचतात. हा अनुभव माझा स्वतःचा.

नाळेचं तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी छान सावली असते. दुपार कलली की ऊन थेट आत शिरतं आणि कातळ तापतो. सावलीत उरकायची चढाई आम्ही उशिरा निघाल्यामुळे भर उन्हात करत होतो. माणशी चार लिटर पाणी नेलं होतं, तेही वर पोहोचेपर्यंत तळाला गेलं. वर जाताना पाणी मिळेल असं धरून चालू नका.

कातळटप्प्यांवर आम्ही तीन ठिकाणी दोर लावला. सराव असलेल्याला ते दोराशिवाय जमतील, पाय ठेवायला खाचा आहेत. पण पाठीवर दहा किलो असताना आणि सहा तास धोंडे तुडवून झाल्यावर हात थरथरतात. दोर, हार्नेस आणि ते वापरता येणारा किमान एक माणूस, यांच्याशिवाय जाऊ नका. मला सगळ्यात भीती वाटली ती मात्र कातळाची नव्हे. वरच्या भागातल्या घसाऱ्याच्या आडव्या वाटेची. पायाखाली सुटी माती, धरायला सुकं गवत आणि एका बाजूला सरळ दरी. गवताला धरू नका, ते मुळासकट हातात येतं. तिथे पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता आणि दोघांचे टॉर्च सॅकच्या तळाशी होते. त्या अरुंद जागेत सॅक उघडणं हा एक वेगळाच ट्रेक झाला.

साडेसातच्या सुमारास कोकणकड्याच्या पठारावर आलो, म्हणजे सव्वाबारा तास लागले. लवकर निघणाऱ्या चांगल्या गटाला आठ-नऊ तास पुरतात. सूर्यास्त हुकला याची हळहळ अजून आहे. वर गावकऱ्यांनी थाटलेल्या झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळाली. कड्यावर रात्री वारा वेड्यासारखा सुटतो. तंबू कडेपासून लांब लावा.

सकाळी केदारेश्वराच्या गुहेत गेलो. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यातलं ते भलंमोठं शिवलिंग आणि चारांपैकी उरलेला एकच अखंड खांब. आदल्या दिवसाच्या तापलेल्या पायांना त्या पाण्याने जे सुख दिलं ते मलम देत नाही.

उतरताना नळीची वाट घेऊ नका, चढण्यापेक्षा ती उतरणं जास्त धोक्याचं. गाडी बेलपाड्यात असेल तर साधले घाटाने उतरा. तोही लांबलचक आहे आणि गुडघ्यांची परीक्षा बघतो, पण दोर लागत नाही. गाडीची अडचण नसेल तर सरळ पाचनई गाठा आणि राजूरची वाट धरा. पावसाळ्यात ही वाट विसरा. नाळ म्हणजे शेवटी पाणी खाली यायचीच जागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.

आम्ही साधले घाटाने उतरलो. मामा आमच्या बरेच आधी पोहोचून अंगणात बसलेले होते, आणि आम्ही दिसताच त्यांनी आत हाक दिली, "टाका आता चहा!"