आरए फॅक्टर निगेटिव्ह, तरी आमवात निघाला (माझा अनुभव)

गेल्या थंडीत सकाळी बोटं मिटायचीच नाहीत, पोळ्या लाटायला नऊ वाजायची वाट बघायची. सगळे म्हणाले नाशिकची थंडी आहे, सिडकोतल्या शेजारच्या काकूंनी एरंडेल सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड आणि आरए फॅक्टर (आमवातासाठी नेहमी करतात ती रक्ततपासणी) करायला लावलं, दोन्ही नॉर्मल, म्हणून पेनकिलर देऊन पाठवलं. सूज काही जाईना.

शेवटी नणंदेने जबरदस्तीने गंगापूर रोडला रूमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे) नेलं. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि एकेक सांधा दाबून बघितला, सकाळी आखडलेलं किती वेळ राहतं विचारलं, आणि अँटी सीसीपी नावाची आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी लिहून दिली. रिपोर्टवर 20 च्या खाली निगेटिव्ह असं छापलेलं, माझा आकडा शंभरच्या वर!

माझं बीएस्सी मायक्रो झालंय त्यामुळे गप्प बसवेना, विचारलं की एक टेस्ट नाही म्हणते आणि दुसरी हो, असं कसं. तर डॉक्टर म्हणाले, आपल्या प्रोटीनमधे आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, पीएडी नावाचं एन्झाइम त्याचं सिट्रुलिन करून टाकतं. हे सूज आली की कोणाच्याही शरीरात होतं, तो काही आजार नाही. काही जणांचं शरीर मात्र घरच्याच माणसाने दाढी काढली म्हणून त्याला चोर समजावं तसं त्या बदललेल्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं, आणि सीसीपी टेस्ट नेमक्या त्याच अँटिबॉडी पकडते. आरए फॅक्टर वेगळीच अँटिबॉडी, ती हिपॅटायटिस सी मधे येते, टीबीत येते, धडधाकट म्हाताऱ्यांतही येते. सीसीपी पॉझिटिव्ह आली तर सहसा खोटी नसते, पण निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नाही, साधारण तीनातल्या एका पेशंटमधे ती सापडतच नाही.

मग घरात कोणी सिगरेट ओढतं का, हिरड्यातून रक्त येतं का हेही विचारलं, मला वाटलं उगाच. पण धुराने फुफ्फुसात हे सिट्रुलिन वाढतं, आणि हिरड्या खराब करणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू स्वतःच तसलं एन्झाइम बनवतो म्हणे. या अँटिबॉडी दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात हे ऐकून तर मी गारच पडले.

नंतर वाचलं की लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल बदलून होमोसिट्रुलिन होतं त्याच्याविरुद्धही अँटिबॉडी सापडल्यात, 2011 मधे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. उत्साहात लॅबमधे विचारलं, काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम, स्पेलिंग सांगा.

आता मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध चालू आहे, आठवड्यातून एकदाच (रोज नाही हां, हे घरच्यांनाही सांगून ठेवा), सोबत फॉलिक अ‍ॅसिड. आकडा उतरला का बघायला सीसीपी परत करू का विचारलं तर डॉक्टर म्हणाले काही गरज नाही, त्यापेक्षा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) वेळेवर करा. चला, तेवढे पैसे वाचले.