नेक महोगनीचा, म्हणजे नक्की कशाचा?

जुन्या गिटारचा नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, लालसर तपकिरी दिसला की विकणारा ‘महोगनी’ म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. खरं तर त्या रंगावरून कळतं ते एवढंच, की वरून कुठलं पॉलिश मारलंय. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी जपानी गिटारींवर असं गडद पॉलिश आहे आणि आत आहे नाटो. नाटो हे एका झाडाचं नाव नाही, ते बाजारातलं नाव आहे. आग्नेय आशियातल्या न्यातो गटातली लाकडं त्या नावाने खपतात, आणि ‘ईस्टर्न महोगनी’ असं भारदस्त नावही त्यांना चिकटवलेलं असतं. महोगनीशी त्यांचं दूरचंही नातं नाही.

ब्रँडवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. फेंडरचा जुना नेक म्हणजे मेपल, हे जवळपास पक्कं. मागच्या बाजूला मधोमध अक्रोडाच्या लाकडाची गडद पट्टी दिसली, तर ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून आत घातलेली धातूची सळई) मागून बसवलेला आहे. गिब्सनचा म्हणजे महोगनी, हे मात्र नेहमी खरं नाही. १९७५च्या सुमारास त्यांच्या लेस पॉल मॉडेलचे नेक तीन पट्ट्या जोडून मेपलचे व्हायला लागले आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा महोगनीवर आले. २००३मध्ये मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या महोगनीच्या व्यापारावर साइट्सची (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) बंधनं आली, त्यानंतर सापेली आणि खाया या आफ्रिकी लाकडांचा वापर वाढला. स्पॅनिश पद्धतीच्या क्लासिकल गिटारला बहुधा सेद्रो, म्हणजे स्पॅनिश सीडर असतं. नावात सीडर असलं तरी ते देवदाराच्या जातीतलं नाही, महोगनीच्या कुळातलं आहे.

लाकडाची खरी ओळख आडव्या छेदात, म्हणजे रेषांना काटकोनात कापलेल्या टोकावर पटते. नेकच्या पाठीवर दिसतात त्या उभ्या रेषा, आणि त्यांवर पॉलिश, फिलर (छिद्रं बुजवणारं लुकण) आणि चाळीस वर्षांच्या तळव्याचा घाम. आडवा छेद बघायचा कुठे? बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने बसवलेला नेक असेल तर काम सोपं आहे. तारा सैल करून काढा, चार स्क्रू सोडा आणि पॉकेटच्या (नेक बसतो त्या खाचेच्या) कडेला लॅकर चिकटलं असेल तर आधी ब्लेडने हलकी रेघ मारून घ्या, नाहीतर लॅकरचे टवके निघतात. पॉकेटमध्ये कागदाची किंवा लाकडाची चकती निघाली तर ती तशीच जपून ठेवा, नेकचा कोन तिच्यावर आहे. बाहेर आलेले स्क्रू पुसून टाकू नका. त्यांच्या आट्यांत अडकलेला भुसा बघा: मलईसारखा फिकट असेल तर मेपल, गुलाबी-तपकिरी असेल तर महोगनी किंवा तिचे सोबती.

चिकटवलेला नेक काढायचा नाही. तिथे हेडस्टॉकमधलं, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या पाटीतलं, ट्यूनिंग पेगचं भोक कामी येतं. पेग आणि बुशिंग (भोकातली धातूची कडी) काढा. भोक रेषांना आडवं जातं, त्यामुळे त्याच्या भिंतीवर दोन ठिकाणी आडवा छेद उघडा पडतो: नटकडच्या (तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीकडच्या) बाजूला आणि हेडस्टॉकच्या टोकाकडे. डाव्या-उजव्या भिंतीवर लांब रेषाच दिसतील, तिकडे वेळ घालवू नका. ड्रिलने तंतू चेपलेले असतात, म्हणून पेन्सिलीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून तेवढ्याच जागी चार-पाच वेळा फिरवा आणि निघालेली धूळ सेलोटेपने उचला. छिद्रांत धूळ राहिली तर सगळीच लाकडं मेपलसारखी गुळगुळीत दिसतात.

हील, म्हणजे नेकचं बॉडीकडचं जाड टोक, उघडी मिळाली तर घासूच नका, कापा. नवं ब्लेड हवं, एकदाही न वापरलेलं. पाण्याचा थेंब लावून अर्धा मिनिट थांबा आणि एका सरळ ओढीत पातळ पापुद्रा काढा. पाच मिलिमीटर चौरस जागा पुरते. आडवा छेद डाय आणि रंग अधाशासारखा पितो, त्यामुळे वरचा थर काळपट असतो. मिलिमीटरभर आत गेल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवायचा नाही. गिटार जुनी आणि मौल्यवान असेल तर कापाकापी फक्त पॉकेटमध्ये झाकल्या जाणाऱ्या भागात.

मग १० पटीचं भिंग डोळ्याला चिकटवून धरा, लाकूड त्याच्याजवळ आणा आणि उजेड बाजूने घ्या.

मेपलमध्ये छिद्रं, म्हणजे झाडात पाणी वाहणाऱ्या नळ्यांची तोंडं, इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. सेद्रोमध्ये वलयाच्या (झाडाच्या वाढीच्या गोल पट्ट्याच्या) सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीने बसलेली असतात, पुढे ती लहान होत जातात. खऱ्या महोगनीत छिद्रं मोठी, पण सगळीकडे सारखी विखुरलेली. मधूनमधून वलयाच्या कडेला एक फिकट, केसासारखी सलग रेघ धावते. काही छिद्रांत लालसर काळपट डिंक भरलेला दिसतो. खायामध्ये छिद्रं तशीच, पण ती कडेची रेघ सहसा नसते. एवढ्या एका रेघेवर दोघींमधला फरक बऱ्याचदा ठरतो. सापेलीची छिद्रं अधिक बारीक, आणि उभ्या बाजूला उजेड तिरपा घेतला की रिबनसारखे गडद-फिकट पट्टे पलटतात. नाटोमध्ये, म्हणजे न्यातोमध्ये, छिद्रं दोन-तीन-चारच्या रांगा करून उभी असतात आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या बारीक रेघांची दाट जाळी असते. मेरांती हे आग्नेय आशियातलं आणखी एक लाकूड तर लपतच नाही: वलयाला समांतर पांढऱ्या ठिपक्यांच्या लांब ओळी दिसल्या की त्या राळेच्या नळ्या. महोगनीत अशा ओळी नसतात.

फसगत होते ती फिलरने. छिद्रांत भरलेला गडद फिलर डिंकासारखा दिसतो. फरक असा की फिलर पृष्ठभागापुरताच असतो. दुसरा पापुद्रा काढला की छिद्र रिकामं होतं.

वासही मदत करतो. ताज्या कापावर पाण्याचा थेंब टाकून हुंगा. सेद्रोला सिगारच्या पेटीचा वास येतो, कारण त्या पेट्या त्याच लाकडाच्या असतात. पण भारतात बनलेल्या जुन्या गिटारला हलका, लालसर, वासाचा नेक असेल तर सेद्रो म्हणण्याआधी तून आठवा. मिरजेत सतार-तंबोऱ्यासाठी वापरतात तेच तून. दोन्ही एकाच कुळातली, आणि तूनला वनस्पतिशास्त्रात पूर्वी सेद्रेलाच म्हणत. छिद्रांची मांडणीही मिळतीजुळती, त्यामुळे नुसत्या भिंगावर इथे ठाम बोलू नये.

हेडस्टॉक तुटलेली गिटार असेल तर एक ढलपी हाती लागते आणि घनताही काढता येते. ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा घ्या. पॉलिश खरवडून ढलपी तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा आणि सुईने ढलपी पूर्ण बुडवा, ग्लासला न टेकवता. काट्यावर येणारा आकडा म्हणजे ढलपीचं घनफळ, मिलिलिटरमध्ये. ढलपी १.२० ग्रॅम आणि आकडा १.७० आला तर घनता ०.७१, म्हणजे कडक मेपलच्या घरात. महोगनी साधारण ०.५९, सापेली ०.६७, सेद्रो आणि तून ०.५च्या आतबाहेर. हे पाच-दहा सेकंदांत उरका, नाहीतर लाकूड पाणी पितं. पावसाळ्यात कोकणपट्टीत लाकूड हवेतलंच पाणी पिऊन बसलेलं असतं, तेव्हा आकडा थोडा जड येणारच. घनतेने महोगनी आणि सेद्रो वेगळे पडतात, महोगनी आणि खाया नाही.

अजून एक गोष्ट जोडकामाची. हील दोन-तीन ठोकळे चिकटवून उंच केलेली असू शकते, हेडस्टॉकला बाजूचे कान वेगळ्या लाकडाचे असू शकतात, आणि हेडस्टॉक तिरप्या सांध्याने जोडलेला असेल तर तो आणि दांडा वेगवेगळ्या फळीतून आलेले असू शकतात. हीलवर महोगनी सापडली म्हणजे दांडाही महोगनीचा असं नाही. प्रत्येक तुकडा वेगळा तपासा.

एवढं करूनही अडलं, आणि पैशाचा सवाल असेल, तर देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था नमुना तपासून लाकूड ओळखून देतात. पॉलिश नसलेला, रेषेची दिशा पेन्सिलीने खुणावलेला तुकडा पाठवा. दुरुस्तीसाठी मात्र नावापेक्षा छिद्रांचा आकार, घनता आणि वलयांची दिशा जुळणारी फळी शोधा. त्या तीन गोष्टी जुळल्या तर ठिगळ पॉलिशखाली दिसत नाही, नाव काहीही असो.