अडावद ते आझादपूर : केळीच्या गाडीवर शिकाऊ ड्रायव्हर

फेब्रुवारी संपत आला की केळीच्या गाडीचे हाल दोन्हीकडून. इकडे चोपडा तालुक्यात दुपारी ऊन चटके देतं, तिकडे दिल्लीच्या अलीकडे रात्री अजून हुडहुडी भरते. केळी कापली तरी जिवंतच असते. तिला कोंडलं तर स्वतःच्याच उबेने वाटेत पिकायला लागते आणि पारा १३ अंशांच्या खाली गेला तर साल काळी पडते. म्हणून अडावदला दिल्लीच्या आझादपूर मंडीसाठी माल भरला जात असताना आमचे उस्ताद, म्हणजे गाडीचे मुख्य ड्रायव्हर, इंजिनकडे कमी आणि ताडपत्रीकडे जास्त बघत होते.

उस्तादांना सगळे नाना म्हणतात, मीही नानाच म्हणतो. शिरपूरकडचे आहेत आणि सगळी उमर मुंबई-आग्रा रोडवर गेली आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं, "स्टेअरिंग कोणीबी धरतं. आधी माल धरायला शीक."

भरणी बघण्यासारखी असते. खाली पाल्याची जाड गादी, बाजूच्या फळ्यांना पाला, मग हिरव्या मालाचे थर. मजूर घड असा हळुवार ठेवतात की दांड्याचा चीक दुसऱ्या घडाला लागू नये. डाग पडला की मंडीत भाव तुटतो. भरून झाल्यावर नानांनी मला वर चढवलं आणि ताडपत्रीच्या गाठी मारायला लावल्या. गाठ अशी हवी की ट्रकच्या धक्क्याने सुटता कामा नये आणि माणसाने एका हाताने ओढली की लगेच सुटली पाहिजे, कारण दिवसा बाजूचे पडदे वर गुंडाळून वारा द्यायचा आणि अंधार पडला की पुन्हा खाली सोडायचे. माझ्या तळहाताची साल दोरीने सोलवटली. नानांनी गाठ ओढून पाहिली, मान हलवली आणि पुढच्या हुकाकडे गेले. ती मान हलवणं मला शाबासकीपेक्षा मोठं वाटलं.

लायसनबद्दल पुष्कळ जण विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. हलक्या गाडीचं लायसन काढून एक वर्ष झाल्याशिवाय अवजड वाहनाचं शिकाऊ लायसन मिळत नाही, आणि वय २० पूर्ण लागतं. आठवी पास असण्याची अट २०१९ मध्ये काढली. मी आधी पिकअपवर कापूस वाहिला, मग मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधून अवजडचं लायसन काढलं. पण कागद हातात आला म्हणून कोणी भरलेली दहा चाकी गाडी हवाली करत नाही. मालासकट २८.५ टनांपर्यंत वजन कायद्याने चालतं त्या गाडीला. म्हणून आधी उस्तादाच्या हाताखाली राहायचं, आणि ते योग्यच आहे.

निघण्याआधीची फेरी नाना कधी चुकवत नाहीत. हातात टामी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन प्रत्येक चाकावर एक ठोका. हवा भरलेलं टायर टणकन वाजतं आणि टामी उसळते. हवा गेलेलं असेल तर भद्द आवाज येतो आणि टामी तिथेच बसते. मागच्या जोडचाकांत आतलं टायर बसलं तरी बाहेरून कळत नाही, बाहेरचं टायर त्याला उचलून धरतं आणि मग तापून फुटतं. म्हणून डोळ्यावर विसंबायचं नाही, कानावर विसंबायचं. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का ते पाहायचं, नटांवरून हात फिरवायचा. मग इंजिन सुरू करून ब्रेकच्या हवेचं प्रेशर भरेपर्यंत गप्प बसून राहायचं. काटा वर आल्याशिवाय गाडी हलवण्याचं नाव काढायचं नाही.

अडावद सोडलं तेव्हा ऊन उतरत होतं. हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने जातो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला लांब कुठेतरी तापी आणि मध्ये केळी, कापसाच्या पऱ्हाट्या, कापणीला आलेली दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. चोपड्याच्या पुढे सूर्य थेट काचेवर येतो.

मला वाटलं होतं, घरची आठवण दिल्लीत येईल. ती आली चोपड्यातच. चौकात अमळनेरकडे जाणारी एसटी उभी होती. तिच्यात बसलो असतो तर दिवेलागणीला घरी पोहोचलो असतो. माय चुलीपुढे, बायको गोठ्यात, पोरगी ओट्यावर. परमुलखात एकटेपणा सोसतो, कारण तिथे आपलं कोणी नसतंच. इथे प्रत्येक फाट्यावर कोणाचं तरी घर आहे. एका गावी मावशी, दुसऱ्या गावी शाळेतला मित्र, तिसऱ्या गावी ज्याच्या लग्नात नाचलो तो मावसभाऊ. आणि गाडी कुठेच वळत नाही. शिकाऊ ड्रायव्हरला घर सोडणं सगळ्यात जड जातं ते या पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये, असं मी आता अनुभवाने म्हणतो.

हातेडला आक्काचं सासर आहे. मी फोनवर नुसतं निघाल्याचं सांगितलं होतं. फाट्यावर पाहतो तर आक्का डोक्यावर पदर, हातात पिशवी, कडेवर भाचा, अशी उभी. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी काही न विचारता इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याच्या खाली घेतली. "पाच मिनिटं. माल गरम होतोय."

पिशवीत दादरच्या भाकरी, भरीत, तव्यावरचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. "भरीत आज खाऊन घ्या, ठेचा दिल्लीपर्यंत पुरेल," आक्का म्हणाली. भाच्याला मी केबिनमध्ये उचलून घेतलं. त्याने दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि हॉर्न वाजवला. फाट्यावरची म्हातारी माणसं वळून बघायला लागली. आक्काचे डोळे भरले होते पण ती हसत होती. मग नानांकडे वळून म्हणाली, "नाना, मना भाऊ नवा शे." आणि मला म्हणाली, "झोप उनी ते गाडी उभी करजो. उशीर झाया तरी चाली."

एवढं एकच वाक्य मी गाडीत लिहून ठेवावं असं वाटतं. मालकाने, दलालाने, व्यापाऱ्याने, कोणी म्हणजे कोणी ड्रायव्हरला उशीर झाला तरी चालेल असं सांगत नाही. घरचंच माणूस सांगतं.

गलंगी, अनेर नदी, मग शिरपूर. तिथून उजवीकडे मुंबई-आग्रा महामार्ग. अंधार पडला तसे आम्ही पडदे खाली सोडले. हाडाखेड, सांगवी, पळासनेर ही गावं मागे पडली की महाराष्ट्र संपतो आणि बीजासन घाट लागतो. भरलेली गाडी चढताना इंजिनचा आवाज बदलतो, आणि तो आवाज ऐकून गियर खाली घ्यायचा. काट्याकडे बघून घेतला तर उशीर झालेला असतो. नाना चालवत होते, पण दर वेळी मला विचारायचे, "आता?" मी "आता" म्हटलं की गियर बदलायचे. बीजासनी मातेच्या देवळापाशी त्यांनी स्टेअरिंगवरचा एक हात कपाळाला लावला. फोनची रेंज तिथे तुटली. बायकोचं "जेवलात का?" अर्ध्यावरच राहिलं.

पुढचं भराभर सांगतो, कारण पुढचा रस्ता मोठा असला तरी त्याचे चटके कमी आहेत. खलघाटला नर्मदा, नानांनी पुलावरून नाणं टाकलं. मानपूरचा चढ. इंदूर बायपासवर उजाडलं आणि देवासच्या पुढे सरळ, रुंद रस्त्यावर मला पहिल्यांदा भरलेली गाडी मिळाली. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर लगेच ऐकत नाही, म्हणून थांबायचं आधी ठरवावं लागतं. नाना बोलत नव्हते, फक्त पुढच्या गाडीकडे बोट करायचे. म्हणजे अंतर वाढव.

गुण्याच्या पुढे एका धाब्यावर रांगेत गाड्या उभ्या होत्या. नंबरप्लेटवर एमएच १९, पुन्हा एमएच १९, मग एमएच १८. बाजेवरून आवाज आला, "कोठला शे रे भो तू?" रावेरची, यावलची, शिरपूरची माणसं, सगळ्यांच्या गाडीत केळी. मी आक्काचा ठेचा मध्ये ठेवला आणि तो बघता बघता संपला. दिल्लीपर्यंत पुरला नाही, पण सत्कारणी लागला. तिथे एका वयस्कर ड्रायव्हरने मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. तिच्या जन्माच्या वेळी ते पंजाबात माल उतरवत होते, तिच्या बापाच्या जन्माच्या वेळी कलकत्त्याच्या वाटेवर. बाजेवरचे बाकीचे काही बोलले नाहीत, कारण प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट होती.

ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा. दिल्लीत अवजड गाड्यांना दिवसा बंदी असते, म्हणून बाहेर थांबून रात्री आझादपूरला शिरलो. व्यापाऱ्याच्या माणसाने ताडपत्री उचलली, घड वळवून वळवून पाहिले, सालीवर अंगठा फिरवला. हिरवागार, डाग नाही. नानांनी मला पुढे केलं, "बांधणी याची आहे." मी लगेच घरी फोन केला. बायकोला झोपेतून उठवून हे सांगितलं आणि तिने ते मायला उठवून सांगितलं.

परतीला आग्र्याहून बटाटा मिळाला, धुळ्याचा. म्हणजे आता जे चढलो होतो ते सगळे घाट भरल्या गाडीने उतरायचे. खरी शाळा ही. नानांचा नियम साधा : "ज्या गियरमा चढनं, त्याच गियरमा उतरनं." उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं तर लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, तापतात आणि मग पाय मुळापर्यंत दाबला तरी पकड येत नाही. शिवाय दर दाबागणिक टाकीतली हवा कमी होते. म्हणून वेग इंजिनने धरायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, आणि पायाचा ब्रेक कामापुरता. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांची नानांना मनापासून चीड आहे. बीजासन उतरून पळासनेरला आलो तेव्हा त्यांनी गाडी बाजूला लावली आणि मला प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन धग बघायला लावली. जुलै २०२३ मध्ये इथेच ब्रेक निकामी झालेला ट्रक हायवेकडेच्या हॉटेलात घुसला होता, कितीतरी माणसं गेली. नाना तिथे आवाज चढवत नाहीत. फक्त चाकं तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत.

मला यात एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तासांचं काम सांगितलं होतं. रस्त्यावर एकटा ड्रायव्हर रात्र-रात्र जागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, ते चांगलंच झालं, उन्हाळ्यात केबिनमध्ये माणूस भाजून निघतो. पण एसीने झोप पूर्ण होत नाही. लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेतच, आणि त्यातला एक शिकाऊ असला तर नवीन पोरगाही तयार होतो. नानांसारखा माणूस मिळाला म्हणून मी शिकतोय. ज्यांना मिळत नाही ते रस्त्यावर शिकतात, आणि तिथे चूक पोटात घालणारं कोणी नसतं.

धुळ्याच्या बाजारात बटाटा उतरला, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही-शिक्का झाला. नानांनी हिशेबाची वही मिटली आणि म्हणाले, "घरी जाऊन ये. सोमवारी अडावदला केळी भरायची. या खेपेला बीजासन तू चढवशील." मी बसस्टँडवर जाता जाता आक्काला फोन लावला आणि सोमवारी संध्याकाळी फाट्यावर ठेचा दुप्पट आणायला सांगितलं.