फराळाचा डबा आणि तीन फेरेट : दिवाळी ते संक्रांत, खाऊबदलाची नोंद

ठिकाण न्यू जर्सी, स्वयंपाकघर मराठी, फेरेट (मुंगसासारखा दिसणारा मांसाहारी पाळीव प्राणी) तीन. गुंड्या : नर, ५ वर्षं, १२८० ग्रॅम. बंड्या : नर, १ वर्ष, १४१० ग्रॅम. चिमी : मादी, ३ वर्षं, ७४० ग्रॅम. रोजचं खाणं कोरड्या गोळ्या, त्यात प्रथिनं ४० टक्के, स्निग्धांश २० टक्के, तंतू ३ टक्क्यांच्या आत. इथवर सगळं ठीक. घोळ आहे तो वरखाण्यात : मनुका, शेव, चहाच्या बिस्किटाचा कोपरा. संक्रांतीपर्यंत हातातून मिळणारा प्रत्येक घास मांसाचा किंवा अंड्याचा व्हावा, एवढंच उद्दिष्ट. (कॅलिफोर्नियात फेरेट पाळायलाच बंदी आहे, तेव्हा तिथल्या मंडळींनी हे नुसतं करमणूक म्हणून वाचावं.)

आठवडा १ : डब्याची झडती

पातळ पोह्यांचा चिवडा ताटलीत पसरून जिन्नस वेगळे केले. ‘चिमूटभर चिवड्याने काय होतं?’ हा प्रश्न दर दिवाळीला येतो आणि त्याचं उत्तर प्रत्येक जिन्नसाचं वेगळं आहे.

पोहे म्हणजे निव्वळ पिष्ट. फेरेटला अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नसतं, आतडं आखूड असतं आणि खाल्लेलं ३ ते ४ तासांत बाहेर पडतं. पिष्ट आणि तंतू पचवायला ना जागा, ना वेळ. त्यातलं जे शोषलं जातं ते साखर बनून रक्तात उतरतं, बाकीचं विष्ठेत कणीकणीने दिसतं.

डाळं, शेंगदाणे, काजू यांचा धोका वेगळा. फेरेटचे दात मांस कापायला घडलेले आहेत आणि जबडा आडवा फिरत नाही, त्यामुळे दाणा दळला जात नाही, दोन तुकडे होऊन तसाच गिळला जातो. आतडं अरुंद, त्यात अर्धा शेंगदाणा अडकला की थेट शस्त्रक्रियेची वेळ. खोबऱ्याचे काप त्याहून चिवट. कढीपत्ता चामड्यासारखा, तोही पचत नाही.

मनुका हा जुना रोग. फेरेटला मनुका द्यावी असं एके काळी पाळणारेच एकमेकांना सांगायचे आणि ती सवय अजून पुरती गेलेली नाही. अर्ध्या ग्रॅमच्या मनुकेत निम्म्याहून जास्त साखर असते. १ किलोच्या प्राण्याला एक मनुका म्हणजे वजनाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला एका दमात ६० मनुका. शिवाय द्राक्ष-मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडल्याचं पक्कं माहीत आहे. फेरेटवर तो प्रयोग घरी कशाला करायचा?

लसूण आणि कांदा हे सगळ्यात फसवे, कारण ते दिसत नाहीत. लसणीची शेव उघड असते, पण बटाट्याच्या मसाला वेफर्समध्ये, बाजारच्या भडंगात आणि सूपच्या पाकिटात कांद्याची पूड असते. कांदा-लसणातल्या गंधकाच्या संयुगांनी तांबड्या पेशी फुटतात. परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात. तोवर त्याने काय खाल्लं होतं ते आपण विसरून गेलेलो असतो.

शंकरपाळे, करंजी, अनारसे यांच्यावर वेळ घालवायला नको. मैदा किंवा तांदूळ, साखर किंवा गूळ, विषय संपला. बेसनाच्या लाडवाकडे मात्र तिघंही वेड्यासारखी धावतात आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे : ओढ बेसनाची किंवा साखरेची नाही, तुपाची आहे. फेरेटला प्राणिजन्य चरबीचा वास हवा असतो. पुढचं सगळं याच धाग्यावर चाललं.

आठवडा २ : लपवलेला माल

फेरेट जितकं खातो तितकंच लपवून ठेवतो. म्हणून खाऊ बंद केला तरी पहिले दहा-बारा दिवस तो बंद झालेला नसतो. सोफ्याचं खालचं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं निघालं. आत सापडलं ते असं : ७ मनुका, चकलीचे ३ तुकडे, बिस्किटाचा भुगा आणि टीव्हीच्या रिमोटचं एक रबरी बटण. बटण सगळ्यात वाईट. रबर आणि फोम ही तरुण फेरेटच्या आतड्यात अडथळा होण्याची नेहमीची कारणं.

ज्यांना हे सुरू करायचंय त्यांनी आधी बॅटरी घेऊन सोफा, पलंगाचा खण, फ्रिजची मागची बाजू आणि फेरेटच्या झोपायच्या झोळीच्या घड्या तपासाव्यात. मग पहिला दिवस मोजायचा.

विष्ठा : बंड्याची पहिल्या चार दिवसांत कणीदार, बाजरी मिसळल्यासारखी. पाचव्या दिवसापासून घट्ट, तपकिरी. गुंड्या आणि चिमीमध्ये फरक नाही. कणीदार म्हणजे नीट न पचलेलं. हिरवी, शेंबडासारखी विष्ठा किंवा डांबरासारखी काळी दिसली तर मात्र वहीत लिहीत बसू नये, डॉक्टर गाठावा. काळी म्हणजे पोटात रक्तस्राव, बहुधा अल्सर.

आठवडा ३ आणि ४ : सुकं चिकन

बाजारात फ्रीझ-ड्राइड (गोठवून वाळवलेलं) चिकन मिळतं आणि ते उत्तम आहे, पण महाग. घरची कृती अशी.

हाडं आणि कातडी नसलेलं ५०० ग्रॅम चिकन तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचं म्हणजे पातळ कापता येतं. काप ३ ते ४ मिलिमीटरचे. मीठ, हळद, आलं-लसूण काहीही नाही. (हळदीची सवय हाताला इतकी असते की डबा आधीच बाजूला ठेवलेला बरा.) काप आधी वाफवून आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला न्यायचं. ही पायरी गाळू नये. डिहायड्रेटरची (पदार्थ वाळवायच्या यंत्राची) ऊब मांस वाळवते, साल्मोनेलासारखे विषबाधेचे जंतू मारण्याचा भरवसा देत नाही. मग ६५ अंशांवर ५ ते ६ तास. ५०० ग्रॅमचे साधारण १३० ते १५० ग्रॅम उरतात. काप वाकवला की काडीसारखा मोडला पाहिजे.

पहिली खेप बिघडली. काही काप ७-८ मिलिमीटरचे झाले, बाहेरून कडक आणि आत ओले राहिले, आणि डब्यात पाचव्या दिवशी बुरशी. दुसऱ्या खेपेला एअर फ्रायर वापरून पाहिला, तर त्याचं किमान तापमान जास्त असल्याने वरचा थर करपून चामड्यासारखा झाला. चिवट पट्टी फेरेट न तोडता गिळतो, म्हणून तीही टाकली. तिसरी खेप डिहायड्रेटरमध्ये, काप एकसारखे, नीट झाली. खलबत्त्यात कुटून तुरीच्या दाण्याएवढे तुकडे केले. आठवड्याचं फ्रिजमध्ये, बाकीचं फ्रीझरमध्ये.

प्रमाण : १ किलोचा फेरेट दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरड्या गोळ्या खातो. वरखाणं २ ते ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. चिमीला दीड ग्रॅम पुरतो.

बंड्याने पहिल्याच दिवशी घेतलं. चिमीने तिसऱ्या. गुंड्याने हुंगलं आणि पाठ फिरवली. हे अपेक्षित होतं. फेरेटच्या मनात अन्न म्हणजे काय हे पहिल्या सहा महिन्यांत वासावरून ठरतं, मोठ्या वयात नवीन वास म्हणजे त्याच्या लेखी अन्नच नव्हे.

आठवडा ५ : गुंड्याचा हट्ट

उपाशी ठेवून वळण लावायचं नाही, हे मोठ्या वयाच्या फेरेटबाबत अगदी पक्कं. चार-पाच तासांच्या उपासानेही रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते. त्याऐवजी वास चोरला : सुक्या चिकनची पूड अर्धा चमचा, कोमट पाणी दोन चमचे, वर सामन माशाच्या तेलाचे ३ थेंब. बोटाने हिरडीला किंचित लावायचं, तो आपसूक चाटतो. दोन दिवस बोटावरून, तिसऱ्या दिवशी बशीतून, मग पाणी रोज थोडं कमी. नवव्या दिवशी कोरडा तुकडा घेतला.

तेलाचा आणखी एक उपयोग. नखं कापताना पोटावर ४ थेंब टाकायचे. तो चाटण्यात गुंततो आणि दहा नखं होऊन जातात. तेल जास्त झालं तर विष्ठा सैल होते, म्हणून दिवसाला अर्ध्या चमच्याच्या आत.

अंडं : उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा कोरड्या तव्यावर बिनमिठाची भुर्जी, डोकी एक चहाचा चमचा, आठवड्यातून दोनदा. कच्चा पांढरा भाग रोज दिला तर बायोटिन या जीवनसत्त्वाची उणीव होते, शिजवला की तो प्रश्न मिटतो.

सुकट आणि बोंबलाबद्दल नेहमी विचारलं जातं. वास तर फेरेटला वेड लावतो. पण मीठ किती आणि वाळू किती याचा नेम नाही. द्यायचाच तर ताजा मासा, पाण्यात शिजवून, काटे काढून. चिकनची शिजवलेली हाडं कधीच नाही, ती सुईसारखी फुटतात.

आठवडा ६ : पाहुणे आणि उष्टं

नाताळच्या सुट्टीत घरात माणसं, मुलं, उघड्या बशा. या आठवड्यात दोन नियम दारावर लिहून लावले.

पहिला : शुगर-फ्री च्युइंगगम, पुदिन्याच्या गोळ्या आणि पीनट बटर पर्समध्ये, पर्स कपाटात. त्यांत साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या झायलिटॉलने कुत्र्यात इन्सुलिन एकदम उसळून साखर कोसळते आणि फेरेटमध्येही झटके आल्याच्या नोंदी आहेत. बाटलीवर ते ‘बर्च शुगर’ नावानेही छापलेलं असतं. चॉकलेटही त्याच कपाटात. जितकं कडू तितकं घातक, बेकिंगचा कोको सगळ्यात. खाल्लंच तर घरी हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी काढू नये, पोटाला जखमा होतात. पाकीट आणि फेरेट दोन्ही घेऊन डॉक्टरकडे.

दुसरा : उष्टं द्यायचं नाही. यामागे सोवळं-ओवळं नाही. माणसाचा फ्लू फेरेटला जसाच्या तसा होतो. १९३३ साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा झाला तो फेरेटमुळेच. घरात कोणी शिंकत असेल तर त्याच्या बशीतला चिकनचा तुकडाही चालणार नाही. उलट दिशाही खरी आहे.

दुधाबद्दल एका ओळीत : लॅक्टोज पचत नाही, जुलाब होतात, चहाच्या बशीतलं तर नकोच.

आठवडा ८ : गुंड्याची नजर

दोन वेळा नोंद : झोपेतून उठवल्यावर वीसेक सेकंद शून्यात नजर, मागचे पाय डगमगते. खाल्ल्यावर पूर्ववत. ५ वर्षांच्या फेरेटमध्ये हे म्हातारपण समजून सोडायचं नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिनोमाची (जास्तीचं इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीची) ही नेहमीची सुरुवात, पुढे लाळ गळणं, तोंडाला पंजे मारणं, झटके. गोड खाण्यानेच ट्यूमर होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण झालेल्या फेरेटला गोड दिलं की इन्सुलिन उसळतं आणि साखर आधीपेक्षा खाली जाते, हे नक्की. म्हणजे ज्या मनुकेने तो तरतरीत दिसतो तीच तासाभराने त्याला पाडते. वरखाणं बदलायला उशीर झाला, पण थांबलो हे बरं झालं.

मध मात्र घरात ठेवलाय, खाऊ म्हणून नाही. कोसळला तर कापसाच्या काडीने हिरडीला किंचित चोळायचा, झटका चालू असताना तोंडात बोट नाही, बेशुद्ध असताना घशात काही ओतायचं नाही. शुद्धीवर आला की लगेच मांसाची पातळ पेज, आणि गाडी काढायची.

माणसांच्या ग्लुकोमीटरवर फेरेटची साखर खरीपेक्षा कमी दिसते, म्हणून घरचा आकडा निदान म्हणून धरत नाही. प्रयोगशाळेत साधारण ९० ते १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर सामान्य. ६० च्या खाली आणि सोबत लक्षणं असली तर संशय दाट.

आठवडा १० : संक्रांत

वजनं : गुंड्या १३१० ग्रॅम, बंड्या १५९० ग्रॅम, चिमी ८१० ग्रॅम. हे श्रेय चिकनला देऊ नका. फेरेट थंडीत चरबी धरतोच आणि वसंतात उतरवतो, तुलना करायची तर पुढच्या जानेवारीशी. गुंड्याची वाढ त्या मानाने कमी, ती वेगळ्या शाईत लिहिली आहे.

सोफ्याखालची तपासणी : सुक्या चिकनचे ११ तुकडे, एक मोजा. मनुका शून्य.

तिळगूळ फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, वरच्या फळीवर. दाबून बसणारं झाकण बंड्या उघडतो. गुंड्याच्या रक्ततपासणीची वेळ पुढच्या मंगळवारी सकाळची पहिली घेतली आहे. डॉक्टरांनी सांगितलेला उपास ३ तासांचा, त्याहून एक मिनिट जास्त नाही, आणि परतीच्या वाटेवर पेजेची डबी गाडीतच.